अंग आंबले म्हणून अंथरूण धरू नका

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत साठी ओलांडलेली मंडळीही लेझीम हातात घेतात. दोन-तीन तास नाचतात, घामाघूम होतात आणि रात्री आनंदाने घरी येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग थोडे जड वाटते. खरी फजिती होते ती त्याच्या पुढच्या दिवशी. चाळीचा जिना उतरताना मांड्या बोलू लागतात. मोरीत खाली बसले की उठवत नाही. पोटऱ्यांना हात लावू देववत नाही. घरातली पोरे हसतात. सून काळजीने म्हणते, "मामा, आता वय झालं. कशाला असला खटाटोप?" मामा तिचे ऐकतात आणि पुढच्या वर्षी रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून मिरवणूक बघत बसतात.

सूनबाईचा हेतू चांगला, पण सल्ला नुकसानीचा. तीन दिवसांचे ते दुखणे आपोआप बरे होणारे होते. त्याला भिऊन जे बसणे सुरू झाले, ते मात्र आपोआप बरे होत नाही. उतारवयात माणसाला परावलंबी करणाऱ्या गोष्टींत हे बसून राहणे फार वरच्या नंबरावर आहे. म्हणून या आठवड्यात आम्ही या अंगदुखीची नीट ओळख करून देत आहोत. ती का होते, वय वाढल्यावर काय बदलते, कोणते दुखणे सोसावे आणि कोणत्या दुखण्याला तातडीने डॉक्टर गाठावा, एवढे प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे.

दुखणे दोन दिवसांनी का येते?

आपल्याकडे अशा दुखण्याला 'अंग आंबले' म्हणतात. शाळेतही आपण शिकलो की श्रमाने स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते. त्यामुळे आंबलेपण आणि आम्ल यांची जोडी डोक्यात पक्की बसली. पण ही जोडी खरी नाही. श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात ते आम्ल रक्तातून निघून जाते. मग तिसऱ्या दिवशीचे दुखणे त्याच्या माथी कसे मारणार? १९८३ साली अमेरिकेत याची परीक्षा झाली. काही जणांना सपाटीवर पळवले आणि काही जणांना उतारावर. सपाटीवाल्यांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल वाढले, पण पुढे त्यांचे पाय फारसे दुखले नाहीत. उतारवाल्यांचे आम्ल वाढले नाही आणि पाय मात्र चांगलेच आंबले.

खरे कारण काय असावे याचा अंदाज थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच केला होता. सवय नसलेल्या कामाने स्नायूच्या आतली वीण बारीक बारीक ठिकाणी उसवते, असे त्याने लिहिले. पुढे १९८१ साली स्वीडनमधील संशोधकांनी काही पुरुषांना पुन्हा पुन्हा जिने उतरायला लावले आणि नंतर त्यांच्या पोटरीच्या स्नायूचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्नायूतल्या तंतूंची नीट रांग काही ठिकाणी विस्कटलेली दिसली.

यात चढण्यापेक्षा उतरण्याला महत्त्व आहे. वाचकांपैकी अनेकजण कार्ल्याच्या लेण्यांना जाऊन आले असतील. वर चढताना धाप लागते, पण दोन दिवसांनी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराचे ओझे आवरून धरत असतो. ओझे हळूहळू खाली ठेवणे, उकिडवे बसणे, उतारावर चालणे, या सगळ्यांत हेच घडते. उसवलेल्या जागी शरीर दुरुस्तीची माणसे पाठवते. थोडी सूज येते, तिथल्या नसा हळव्या होतात आणि दुखू लागते. म्हणून हे दुखणे साधारणपणे एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते आणि आठवडाभरात निघून जाते.

यातली आनंदाची गोष्ट पुढे आहे. दुरुस्ती झाल्यावर तो स्नायू त्या कामापुरता अधिक चिवट होतो. तेच काम आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा केले तर दुखणे बरेच कमी होते. हा परिणाम कित्येक आठवडे टिकतो. म्हणजे पहिल्या दुखण्यानंतर जो थांबला, त्याने दुखणे तेवढे भोगले आणि त्याचा फायदा मात्र सोडून दिला.

वयाने नेमके काय बदलते?

तिशी-चाळिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू झिजू लागतात. साठीनंतर हा वेग वाढतो. १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन डॉक्टरांनी या झिजेला 'सार्कोपेनिया' असे नाव दिले. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ मांसाची तूट. वजन तेवढेच राहते, पोटही सुटलेले असते, त्यामुळे आत मांस कमी झाले हे कळत नाही. कळते ते बसमध्ये चढताना दांडी दोन्ही हातांनी धरावी लागते तेव्हा.

दुसरा बदल दुरुस्तीचा. स्नायूला नवीन तंतू पुरवणाऱ्या पेशी वयाबरोबर कमी होतात. तरुण माणसाचा स्नायू जेवढ्या प्रथिनांवर भराभर भरून येतो, तेवढ्याच प्रथिनांवर म्हाताऱ्याचा तेवढा भरत नाही. म्हातारपणी प्रत्येक वेळी दुखणे जास्तच असते असे नाही. पण भरून यायला वेळ लागतो. पंचविशीत एक दिवसाची उसंत पुरत होती, तिथे पासष्टीत दोन-तीन दिवस द्यावे लागतात. एवढा हिशेब सांभाळला तर म्हातारा स्नायूही वाढतो.

हे आम्ही मनाचे सांगत नाही. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. मारिया फियातारोन यांनी वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वयाच्या १० जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. एकजण मध्येच थांबला. बाकी नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची तर चालतानाची काठी सुटली. नंतर व्यायाम बंद केला तेव्हा चारच आठवड्यांत त्यांची जवळजवळ एक तृतीयांश ताकद पुन्हा गेली.

आता याच्या उलट बाजू पाहा. अमेरिकेतच २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर पडून ठेवले. त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांच्या मांसाचे वजन सुमारे एक किलोने घटले. हाड मोडलेले नसताना, ताप नसताना, नुसत्या अंगदुखीसाठी आठ-दहा दिवस अंथरूण धरणे किती महागात पडते, हे यावरून समजावे.

"आम्ही जन्मभर कष्टच केले, आम्हाला व्यायाम कशाला?"

हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो आणि तो रास्त आहे. ज्याने गिरणीत साचे चालवले, गोदीत पोती वाहिली, रस्ते झाडले, ज्या माउलीने डोक्यावरून विटा आणि हंडे वाहिले, त्यांना 'आता व्यायाम करा' म्हणणे थट्टेसारखे वाटते. पण कष्ट आणि व्यायाम यांत एक मोठा फरक आहे. तो फरक विश्रांतीचा.

व्यायामात माणूस आपल्या ताकदीप्रमाणे ओझे घेतो, दमला की थांबतो आणि दुरुस्तीला दोन दिवस देतो. मजुरीत ओझे दुसरा ठरवतो. अंग दुखो वा न दुखो, सकाळी हजेरी लागली पाहिजे. एकच खांदा, एकच कंबर, रोज तेच वाकणे. कालची वीण भरून येण्याआधी आज पुन्हा उसवते. २०१८ साली सुमारे १ लाख ९३ हजार लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या एका पाहणीत, फार अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण कमी मेहनतीच्या कामातील पुरुषांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त आढळले. फावल्या वेळचा व्यायाम आयुष्य वाढवतो आणि पोटासाठीचे बेसुमार कष्ट तसे करत नाहीत. संशोधक याचे एक कारण हेच सांगतात की कष्टकऱ्याला सावरायला उसंत मिळत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात, १९४५ साली, कारखान्यातील कामगाराला भरपगारी रजेचा कायदा झाला आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. उसंत ही कामगाराच्या शरीराची गरज आहे, हे त्या कायद्यांमागचे सत्य आज स्नायूंच्या अभ्यासातूनही दिसते. आपल्या आईवडिलांच्या वाट्याला ती उसंत पुरेशी आली नाही. कामावर असताना विश्रांती नाही आणि निवृत्तीनंतर विश्रांतीशिवाय दुसरे काही नाही, अशी त्यांची गत होते. शरीराला दोन्ही गोष्टी मारक आहेत. थोडे श्रम, मग उसंत, मग पुन्हा थोडे श्रम, हा क्रम त्याला हवा असतो.

दहा बाय दहाच्या खोलीत काय करता येईल?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाचे चालणे किंवा तसा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असे काही करावे. पासष्टीच्या पुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचाही सराव करावा. यासाठी व्यायामशाळेची फी भरायला नको. एक न हलणारी खुर्ची, भिंत आणि दाराची चौकट पुरे.

पहिला प्रकार खुर्चीवरून उठबस. हात छातीशी धरून उठायचे आणि अगदी सावकाश बसायचे. जमत नसेल तर आधी हात टेकून करावे. दुसरा, भिंतीला दोन्ही तळवे लावून शरीर भिंतीकडे नेणे आणि रेटून मागे येणे. तिसरा, चौकट धरून टाचा उचलणे आणि हळू टेकवणे. चौथा, पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली, म्हणजे एक किलो वजन, हातात धरून कोपरातून वर-खाली करणे. पाचवा, चौकटीला बोट लावून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे.

पहिले दोन आठवडे प्रत्येक प्रकार फक्त पाच ते आठ वेळा करावा आणि तोही आठवड्यातून दोनच दिवस. सोमवार आणि गुरुवार धरले तर मध्ये दुरुस्तीला पुरेसे दिवस मिळतात. मधल्या दिवसांत नुसते चालावे. तिसऱ्या आठवड्यापासून दोन-दोन वेळा वाढवावे. हुरूप आला म्हणून पहिल्याच दिवशी पन्नास उठाबशा काढू नयेत. व्यायाम करताना श्वास कोंडून धरू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा आजार असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी करू नये.

किती झाले हे अंगच सांगते. दोन-तीन दिवसांत दुखणे ओसरले तर माप बरोबर आहे. चौथ्या दिवशीही जिना उतरवत नसेल तर पुढच्या वेळी निम्मेच करावे. बंद करू नये.

दुखत असताना

हलके हलके चालणे हा पहिला उपाय. चालताना दुखणे कमी वाटते. कोमट पाण्याने आंघोळ, तेल लावून हलक्या हाताने चोळणे याने बरे वाटते, ते जरूर करावे. रगडून चोळण्यात अर्थ नाही. आधी आणि नंतर हातपाय ताणण्याने हे दुखणे जवळजवळ कमी होत नाही, असे अनेक अभ्यासांचे सार आहे. ताणल्याने सांधे मोकळे राहतात, तेवढ्यासाठी ते करावे.

झोप मात्र हवी. निवृत्तीनंतर अनेकजण रात्रपाळीच्या वॉचमनची नोकरी धरतात. अशांनी घरच्यांना सांगून दिवसा अंधार करून सलग सहा-सात तास झोप घ्यावी.

औषधाच्या दुकानातून अंगदुखीची गोळी आणून रोज खाणे धोक्याचे आहे. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी पोटात व्रण होतात, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी मोठा. 'एका पुडीत दुखणे गायब' म्हणणाऱ्या चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. ती घेऊच नयेत.

आणि दारू. 'अंग दुखतं म्हणून थोडी घेतो' हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येते. दारूने दुखणे जाणवत नाही, एवढेच खरे. ती स्नायूंची दुरुस्ती मंदावते आणि गाढ झोप मोडते. सकाळी अंग पुन्हा तसेच दुखते, संध्याकाळी पुन्हा बाटली. अंगदुखीचे कारण सांगून आलेली दारू अंगदुखीच वाढवते, हे घरातल्या कर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

दुरुस्तीचा माल ताटातून येतो

उसवलेली वीण भरायला प्रथिने लागतात. वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे वृद्धांच्या आहाराचे जाणकार सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. आपल्या ज्येष्ठांचे ताट मात्र उलटे असते. सकाळी चहा-बटर, दुपारी भात आणि पातळ आमटी, रात्री पुन्हा तेच. दात नाहीत म्हणून आई घट्ट डाळ पोरांना वाढते आणि स्वतः वरचे पाणी घेते.

महाग डबे आणायची गरज नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. एक वाटी घट्ट वरणात किंवा उसळीत साधारण ७ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ग्रॅम, तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत सुमारे १५ ग्रॅम. दोन अंडी, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ, सोयावड्यांची भाजी, मूठभर दाणे आणि चार चपात्या एवढ्यात दिवसाची गरज भागते. दात नसतील तर दाण्याचे कूट आणि मऊ शिजवलेली मूगडाळ चालते. सुकट-बोंबलातही भरपूर प्रथिने असतात, पण मीठ जास्त असल्याने रक्तदाबवाल्यांनी ती धुऊन, बेताने खावीत. प्रथिने रात्रीच्या एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळा विभागून घ्यावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे माप डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

हे साधे आंबणे समजू नका

श्रमाचे दुखणे दोन्ही बाजूंना सारखे, मांसल भागात आणि काही तासांनी येते. पुढील खुणा दिसल्या तर घरगुती उपाय करत बसू नये.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आणि धाप: ताबडतोब रुग्णालय गाठावे.

लघवीचा रंग चहासारखा गडद आणि स्नायू सुजून कडक: स्नायू फार मोडल्याची ही खूण आहे, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्याच दिवशी दाखवावे.

एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी: शिरेत रक्ताची गाठ असू शकते. तिला चोळू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

व्यायाम करताना तिथल्या तिथे टोचल्यासारखी कळ, किंवा सांधा सुजलेला: ही इजा आहे.

पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि खुबे रोज सकाळी तासभर आखडणे, किंवा काही श्रम न करता आठवडेच्या आठवडे अंग दुखणे: यामागे संधिवाताचा प्रकार, थायरॉइड, 'ड' जीवनसत्त्वाची उणीव किंवा कोलेस्टेरॉलची गोळी असे काहीही असू शकते. गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगून तपासून घ्यावे.

शेवटी घरातल्या तरुणांना दोन शब्द. आईने भरलेली पिशवी उचलली की "ठेव, मी घेतो" म्हणण्यात प्रेम असते. पण डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर तिला त्यातली अर्धी पिशवी उचलू द्या. बाबांना खुर्ची आणून देताना तीच खुर्ची उठाबशीसाठीही आहे, हे त्यांना सांगा आणि पहिले काही दिवस शेजारी उभे राहा. तिसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर कोमट पाणी काढून द्या, डाळ जरा घट्ट वाढा आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत त्यांच्याबरोबर चालून या.